सातव्या मिनिटानंतरची चोरी

"कतारमध्ये तीस लाख माणसं आहेत," गजेंद्र म्हणाला, "आणि अनुमानशक्ती असलेला एकच."

हे तो आरशात बघून म्हणाला, त्यामुळे तो एक कोण ते मला अनुमानाशिवाय कळलं. माझा हा नवरा नोकरी करतो एसीच्या कंपनीत. पण व्हिजिटिंग कार्डावर त्याने 'गुप्तहेर' असं छापून घेतलंय, त्यामुळे गुप्त असं काही उरलेलं नाही. मी प्रयोगशाळेत पाणी तपासते आणि घरी त्याच्या तपासाच्या नोंदी ठेवते. पहिलं काम जास्त स्वच्छ आहे.

शुक्रवारी सकाळी दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटवर पियूष आला. तो आणि त्याचा मित्र वरुण एकाच आयटी कंपनीत आहेत आणि त्यांचा थ्रॅश मेटलचा बँड आहे; पियूष गिटारवर, वरुण ड्रमवर. हे संगीत इतकं वेगवान असतं, की शेजाऱ्यांनी भिंत ठोकली तरी ते ठोकणं तालात बसतं. या अल्बममध्ये मात्र त्यांनी प्रोग्रेसिव्ह रॉक मिसळलं होतं, म्हणजे लांबलचक, विचार करणारी गाणी. तरी बाणा जुन्या थ्रॅशवाल्यांचा, म्हणून अल्बम कॅसेटवर.

"शेवटचं गाणं अकरा मिनिटांचं आहे," पियूष म्हणाला. "शेवटची चार मिनिटं माझी संथ गिटार. कॅसेटमध्ये ती नाहीच! वरुणनेच उडवली. म्हणायचा, तेवढा वेळ ड्रमरने काय भाजी निवडायची? आज संध्याकाळी लुसैलच्या हॉलमध्ये सगळ्यांना अल्बम ऐकवायचाय, आणि रविवारी मी कायमचा पुण्याला चाललो. ती चार मिनिटं नसतील तर मी येणार नाही. वरुणशीही खलास."

"मिक्सिंग केलं त्याला विचारलंस?" मी म्हटलं.

"अब्बासने केलं. तो सुट्टीवर, विमानात आहे."

"बरं झालं," गजेंद्र म्हणाला. "साक्षीदार मिळाला की तर्क आळसावतो."

टेपरेकॉर्डर घरात एकच, सासूबाईंचा, स्वयंपाकघरात. गजेंद्रने गाणं लावलं. सात मिनिटांनी ड्रमचा शेवटचा दणका बसला, आवाज थांबला, त्याने बटण दाबलं. असं अकरा वेळा.

"टेप गाडीतल्या उन्हात आटली," तो म्हणाला.

"आटायला ती लोकरीची हवी," मी म्हटलं.

"मग उघड आहे. थ्रॅश म्हणजे वेग. अकरा मिनिटांचं गाणं यांनी सातातच उरकलं!"

मी ते लिहून घेतलं. शंकेच्या रकान्यात.

बाराव्या खेपेला दणका बसायला आणि बेल वाजायला एकच गाठ पडली. दारात वरुण. बटण न दाबताच गजेंद्र बाहेरच्या खोलीत धावला.

"आलास गुन्ह्याच्या जागी!"

"कसला गुन्हा? पियूषचा मेसेज वाचून आलो. गिटार मी कापली नाही, काका. आवडत नव्हती, म्हणून कापेन?"

"हो, कापशील!" पियूष ओरडला.

संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी चकल्या करणाऱ्या सासूबाई आतून हाका मारत होत्या. "गजा, गाणं संपलं, टेप नुसतीच फिरतेय! बंद करा रे कोणीतरी! माझे हात पिठाचे आहेत!"

कोणी ऐकलं नाही. थोड्या वेळाने त्यांचा वेगळाच सूर आला. "दुसरी कॅसेट लावलीत होय? ही बरी आहे."

आम्ही आत धावलो. टेपमधून संथ गिटार वाजत होती.

मी टेप मागे नेऊन वेळ लावली. दणका आणि गिटार यांच्यामध्ये त्रेचाळीस सेकंद शांतता होती.

"मी अब्बासला म्हटलं होतं, मध्ये थोडी शांतता ठेव," पियूष पुटपुटला.

"पण तुम्ही दोघांनी पुढे ऐकलंच नाही?" मी विचारलं.

"काकू, थ्रॅशमध्ये शांतता म्हणजे लाईट गेले," वरुण म्हणाला.

"चोर घाबरून माल ठेवून गेला," गजेंद्रने जाहीर केलं आणि चकली उचलली.

पियूष वरुणकडे बघत नव्हता. कॅसेट खिशात टाकून तो एवढंच म्हणाला, "सहाला निघू."

लुसैलच्या हॉलमध्ये साठेक माणसं होती. सातव्या मिनिटाला दणका बसला, टाळ्या झाल्या, खुर्च्या सरकल्या आणि सगळे दाराकडे निघाले. पियूषचा चेहरा पडला.

दारात वरुण दोन्ही हात पसरून उभा होता.

"संपलेलं नाही! बसा सगळे!" मग सगळ्यांच्या पुढे, गाडीची किल्ली हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तो म्हणाला, "काका, तुम्ही तरी!"

गजेंद्र बसला. गिटार सुरू झाली. पुढची चार मिनिटं वरुण दाराला पाठ लावून उभा राहिला.