गुहेत ठेवलेला शब्द

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं आणि तळ्याकाठी एक रिवाज होता.

धोका दिसला की हाक द्यायची. सापासाठी एक हाक, वणव्यासाठी दुसरी. सगळ्यांत जड हाक होती, 'फॅसिस्ट!' ती दूरदेशीच्या करकोच्यांनी आणली होती. त्यांच्या जंगलात म्हणे एकाने सगळ्यांना एका रांगेत चालायला लावलं, एकच आवाज काढायला लावला. आलेलं प्रत्येक संकट त्याने एका दुबळ्या कळपाच्या माथी मारलं. मग तो कळपच उरला नाही.

म्हणून ही हाक ऐकली की चरणं सोडून सगळ्यांनी तळ्यावर धावायचं. शिंगं बाहेर, पिल्लं आत, असं कडं करायचं.

एके दिवशी हरणी मोराला म्हणाली, "मयूरराव, पायवाटेवर नका ना नाचू. पोरांना पाण्यावर न्यायचंय."

"फॅसिस्ट!" मोर ओरडला.

सगळे धापा टाकत आले. कडं झालं. हरणी घाबरून बाजूला सरली आणि मोर संध्याकाळपर्यंत पायवाटेवर नाचला.

ही युक्ती सगळ्यांना भलतीच आवडली. कोल्हिणीने पिल्लांना कान धुवायला सांगितले, ती फॅसिस्ट झाली. तळ्याकाठच्या बिळात साळूबाई ही साळिंदर आपल्या दोन पिल्लांसह राहायची. शेजारचं अस्वल फार घोरायचं. पिल्लांची झोपमोड झाली म्हणून तिनेही एका दुपारी हाक ठोकली. अस्वल बिचारं हिरमुसून डोंगरापलीकडे राहायला गेलं.

हळूहळू हाक ऐकून कुणी मान वर करेना. "कोण कोणाला म्हणालं?" एवढं विचारायचे आणि चरत राहायचे.

मग लांडगा आला.

"तळं का आटतंय?" त्याने गोड आवाजात विचारलं.

पाऊस झाला नव्हता. पण उत्तर इतकं साधं असेल असं कुणालाच वाटलं नाही.

"साळिंदरं बिळं उकरतात," लांडगा म्हणाला. "पाणी तिकडून जातं. काटेवाल्यांना हाकला. बाकीच्यांनी रांगेत उभं राहा आणि माझ्यासारखं हूऽऽ करा."

साळूबाई दगडावर चढली. "फॅसिस्ट! धावा हो!"

कुणी हललं नाही.

"साळूबाई," रेडा रवंथ करत म्हणाला, "अस्वलालाही तू हेच म्हणाली होतीस."

"चुकलं माझं. पण हा खरंच तसा आहे हो!"

"तेव्हाही 'खरंच' म्हणाली होतीस."

उंबरावरून म्हातारे वानरआप्पा ओरडले, "अरे, रांग बघा! हूऽऽ ऐका! करकोच्यांनी हेच सांगितलं नव्हतं का?"

"आप्पा, तुम्ही नेहमी एकच बाजू बघता," रेडा म्हणाला आणि रांगेत उभा राहिला.

लांडग्याने डोळे पुसले. "माझ्या मनाला लागलं, ते राहू द्या. पण इतका मोलाचा शब्द असा उधळायचा? करकोच्यांना काय वाटेल? आजपासून तो माझ्या गुहेत जपून ठेवू. ज्याला वापरायचाय त्याने आत येऊन परवानगी घ्यावी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "शेवटी भाषेची काळजी घेणारं कुणीतरी भेटलं!" मोर म्हणाला.

साळूबाईचं बीळ चिखलाने बुजवलं. पिल्लांना घेऊन ती डोंगर ओलांडून गेली. तिथे अस्वल होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, पिल्लांकडे पाहिलं आणि कपारीत थोडं सरकून जागा केली.

"मी अजून घोरतो हां," ते म्हणालं.

"घोर बाबा," साळूबाई म्हणाली. "खुशाल घोर."

इकडे साळिंदरं गेली तरी तळं आटतच राहिलं. लांडग्याने रांगेवरून नजर फिरवली.

"हा पिसारा," तो म्हणाला, "फार पाणी पितो."

मोराने हाक द्यायला चोच उघडली. तेवढ्यात त्याला नियम आठवला. गृहस्थ नियमाचा पक्का. परवानगी घ्यायला तो गुहेत गेला.

दुसऱ्या दिवशी गुहेच्या दाराला मोरपिसांची झालर लागली होती. सगळ्यांना ती फार आवडली. रांगेत उभं राहून त्यांनी तिचं कौतुक केलं. हूऽऽ करून.

तात्पर्य: मुलांनो, जड शब्द उठसूट वापरू नयेत. ते लांडग्याकडे नेऊन द्यावेत. त्यांचा अर्थ त्याच्याइतका नीट दुसऱ्या कुणालाच कळत नाही.