पाच किलोमीटरचं हळदीकुंकू

मी फोनवर मंदावहिनींना फक्त एवढंच म्हणाले, "रविवारी सकाळी तुमच्या दारावरून पळत जाणार आहे." बस्स. यात आमंत्रण मागितल्यासारखं काही होतं का, तुम्हीच सांगा. (आमचे हे म्हणतात, होतं. पण त्यांना वहिनींच्या हातची बासुंदी आवडते, तेव्हा त्यांचं मत धरू नका.)

आधी पळायचं कारण सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल, या वयात हिला हे काय सुचलं! वाघोडियाच्या पलीकडच्या गावांत नर्सबाई लशी घेऊन जातात, त्या पेटीचं झाकणच नीट बसत नाही. गावात पोचेपर्यंत बर्फाचं पाणी होतं, लस वाया जाते आणि आया पोरांना घेऊन तशाच घरी परततात. म्हणून नव्या पेट्यांसाठी आमच्या महिला मंडळाने शर्यत ठेवली. सभेत अलकापुरीतले औषधांचे व्यापारी हसमुखभाई उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्यातली पन्नाशीच्या पुढची एक तरी बाई पाच किलोमीटर पळून नऊच्या आत पोचली, तर सगळ्या पेट्या माझ्याकडून!"

बायकांनी पटापट आपापले गुडघे सांगितले. गुडघे मलाही आहेत, पण माझी पाळी येईपर्यंत सभा संपली.

रविवारी मुलाचे बूट आणि लेकीचा पंजाबी ड्रेस घालून मी पोलो ग्राउंडवरून निघाले. छातीवर नंबर लावलेला. हे शेवटच्या रेषेपाशी मोबाईल घेऊन फोटोसाठी उभे राहणार होते. तरुण मंडळी पहिल्या वळणालाच दिसेनाशी झाली. मी आपली माझ्या वेगाने पळत होते. (याला लोक चालणं म्हणतात.) तरी मांडवीला पोचले तेव्हा हातात भरपूर वेळ होता. पेट्या जवळजवळ गावात पोचल्याच होत्या म्हणा ना.

आणि घडियाळी पोळीच्या, म्हणजे वहिनींच्या गल्लीच्या, तोंडाशी मला रांगोळी दिसली. रांगोळीमागे पाट. पाटामागे तबक घेतलेल्या मंदावहिनी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. आणि त्यांच्यामागे अख्खी पोळ.

"थांबा वन्सं!"

"वहिनी, माझी शर्यत चालू आहे!"

"असू दे की. कुंकू लावायला कितीसा वेळ लागतो?"

"अहो, सकाळी आठला कुणी हळदीकुंकू करतं का?"

"तुम्ही संध्याकाळी पळत येणार होतात का?"

संक्रांत ते रथसप्तमीच्या दिवसांत दारात आलेली सवाष्ण कुंकू न लावता गेली तर काय होतं, मला माहीत नाही. ते पाहायची आमच्यात आजवर कुणाची छाती झालेली नाही. मी पाटावर बसले.

हळद झाली, कुंकू झालं, अत्तर झालं, गुलाबपाणी उडवून झालं. वहिनींनी वाण म्हणून स्टीलची चाळणी दिली. ती घेऊन उठते तोच शेजारच्या सुहासिनीताईंनी किसणी पुढे केली. "एकीचं घ्यायचं आणि दुसरीचं नाही, असं कसं?" मग साबणाची डबी आली. मग गाळणं आलं.

"आता नाव घ्या, त्याशिवाय सोडणार नाही!"

मी धापा टाकत म्हटलं,

"मांडवीपर्यंत पळून पळून पाय लागले दुखू,
जयसिंगरावांचं नाव घेते, आता मला नका रोखू!"

सगळ्या खूष झाल्या आणि अजून एक घ्या म्हणाल्या.

तेवढ्यात पोळीत माहेरी आलेल्या नयनाबेन एक निळी बादली घेऊन धावत आल्या. "बेन, आ लई जाव, बधुं आमां मूको!" म्हणजे सगळं वाण बादलीत टाकायची सोयही झाली. मी घड्याळ पाहिलं आणि मला रडूच फुटलं.

"अहो, माझ्या पेट्या गेल्या!"

"कसल्या पेट्या?"

मी सगळं सांगितलं. गावं, बर्फ, पोरं, नऊ वाजता. मग वहिनींनी पदर खोचला.

"हे आधी सांगायचं ना, वन्सं!"

"तुम्ही बोलू दिलंत का?"

"आता बोलू नका, पळा!"

आणि जरीच्या साड्यांतली अख्खी पोळ माझ्यामागे पळत सुटली. पुढे वहिनी, "सरका, सरका!" म्हणून स्कूटरवाल्यांना बाजूला काढताहेत, आणि मधे मी, हातात खडखडणारी बादली घेऊन. रस्त्यात एकाने विचारलंसुद्धा, "मासी, चाळणी केटलानी?" मी उत्तर दिलं नाही. (खरं तर दम नव्हता. नाहीतर भाव सांगितला असता.)

घामाने कुंकू ओघळून तोंडभर झालं होतं. मला पाहताच प्रथमोपचारवाली दोन मुलं स्ट्रेचर घेऊन धावली. त्यांना चुकवताना मी शर्यतीतलं सगळ्यात वेगवान अंतर कापलं आणि रेषा ओलांडून बादलीसकट बसले.

समोर हसमुखभाई घड्याळ घेऊन उभे. चेहरा पडलेला. "भाभी, नव वागी गया. पाच मिनिट मोडुं."

पाच मिनिटांचा उशीर! माझ्या डोळ्यांपुढे ते न बसणारं झाकण आलं. तेवढ्यात मागून नयनाबेन धापा टाकत आल्या आणि कमरेवर हात ठेवून त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

"मोडुं में कराव्युं. बादली मारी छे. हवे बोलो!"

उशीर त्यांनी करवला, बादलीही त्यांचीच! हसमुखभाईंनी नयनाबेनकडे, म्हणजे स्वतःच्या बायकोकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. मग घड्याळ कानाला लावलं आणि म्हणाले, "आ घडियाळ तो पाच मिनिट आगळ छे!"

म्हणजे घड्याळच पुढे, मी वेळेत! पेट्या मिळाल्या. नर्सबाईंचा फोन आला, झाकणं अगदी घट्ट बसतात म्हणून.

यांनी काढलेल्या फोटोत यांचा अंगठा छान आला आहे. माझा फोटो आला तो दुसऱ्या दिवशी पेपरात. तोंडभर लाली, हातात बादली, बादलीतून डोकावणारी किसणी. नंबर चाळणीमागे झाकलेला. यांनी चष्मा लावून वरची बातमी मोठ्याने वाचली: "शर्यतीच्या मार्गावर फेरीवाल्यांचा त्रास."

मी तोंड झाकून बसले होते, तेवढ्यात वहिनींचा फोन आला.

"वन्सं, पेपर पाहिलात का? चाळणी किती छान दिसतेय हो! सकाळपासून चौघीजणी विचारून गेल्या, कुठे मिळते म्हणून. मी तुमचा नंबर दिलाय."