करंगळीएवढी जागा

डोमाभाऊ कुठल्याही दोन वस्तूंच्या मधे आधी करंगळी घालून बघतात. मुर्री गावात ते माझ्या शेजारी राहतात. कुणाच्या लग्नात पंगत बसली, की पाटांच्या रांगेतून त्यांची करंगळी फिरते. माझ्या नव्या कपाटाच्या दारात ती गेली नाही, तेव्हा त्यांनी सुताराची अशी हजेरी घेतली की मलाच त्याची कीव आली. "पान्यात लाकूड फुगते जी. त्याले जागा लागत नाही का?" हे मी हजारदा ऐकलंय.

त्यांना नुसतं सुतार म्हटलं की राग येतो. लाकडाच्या पातळ पट्ट्या चिकटवून, दाबात ठेवून लांबलचक तुळया करायचं काम ते कारखान्यात राहून शिकले होते. सौंदडजवळच्या नाल्यावर त्यांनी तसा पूल आखला. पलीकडे धानाची शेतं, आणि रोवणीला जाणाऱ्या बायांना कोसभराचा फेरा. मी त्या कामावर नवा इंजिनिअर होतो आणि मला सगळं येत होतं.

उन्हाळ्यात वरच्या फळ्या बसवायची वेळ आली नि डोमाभाऊ भाचीच्या लग्नाला कामठ्याला गेले. फटीत करंगळी जायला पाहिजे, असं बजावून गेले. पण उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते. कुणाची टाच अडकली तर शोभा होईल, म्हणून मी फळ्या गच्च बसवून घेतल्या आणि वर कार्पेट अंथरलं. कार्पेट निघाल्यावर डोमाभाऊंनी वाकून करंगळी लावली; ती शिरली नाही. पावसाळ्याआधी दुरुस्त करू, मी म्हणालो. केलं नाही.

रोवणीच्या दिवसांत, भर पावसात, फळ्या फुगल्या, एकमेकींना रेटत वर उचलल्या गेल्या, बोल्ट उपटून आले. तुळया जागच्या हलल्या नव्हत्या. फळ्या बदलून भागलं असतं, पण चौकशीला आलेल्यांचा लाकडावर भरवसाच नव्हता. चूक कुणाची, असं त्यांनी विचारलं. मी चहा सांगायच्या निमित्ताने उठणार, तोवर डोमाभाऊ बोलले, "माही. फट ठेवाले मी इसरलो."

पूल काढून सिमेंटचे पाइप टाकले. डोमाभाऊंना पुन्हा कुणी पूल दिला नाही. मला बढती मिळाली.

इतकी वर्षं आम्ही त्याविषयी बोललो नव्हतो. गेल्या आठवड्यात त्यांच्या अंगणातल्या बाकावर बसून मी विचारलंच, तेव्हा खोटं का बोललात?

ते समोर बसून रंधा पुसत होते. "तुमची नोकरी नवी होती जी. मी म्हटलं, पूल त आनखी बांधू."

मला रडू आलं. डोमाभाऊ उठले आणि बाकावर मला अगदी चिकटून बसले. करंगळी घालून बघितली नाही.