दातांच्या डॉक्टरला हवी बोलकी बायको

मला कशी बायको हवी, हे माझ्याइतकं स्पष्ट जगात कुणालाच ठाऊक नसेल! मी दातांचा डॉक्टर. दिवसभर माणसं माझ्यापुढे आ वासून बसतात आणि एकही जण धड वाक्य बोलत नाही. म्हणून वहिनीला ठणकावून सांगितलं, रूप नको, पगार नको, मुलगी बोलकी हवी. माझं म्हणणं खोडून काढणारी!

वहिनीने थेट वकीलच शोधून आणली.

आम्ही कॉफीला भेटलो. कॉफी येईपर्यंत तिने मांजरांबद्दलचं माझं मत खोडून काढलं आणि ती निवेपर्यंत साखरेबद्दलचं. साखरेबद्दलचं! दातांच्या डॉक्टरचं! मी एक विनोद सांगायला घेतला, तर शेवट तिनेच सांगून टाकला, आणि तो माझ्यापेक्षा बरा होता. घरी येऊन मी म्हणालो की मुलगी चांगली आहे, पण जरा आगाऊ वाटते.

वहिनीने कपाळाला हात लावला. "भावजी, मागितलीत तशीच आणली ना?"

पुढच्याच आठवड्यात वकीलबाई गाल धरून दवाखान्यात हजर. दाढ ठणकत होती आणि नेहमीचा डॉक्टर सुट्टीवर. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. कुठली दाढ ते ती सांगणार, तोवर मी खुर्ची मागे टेकवली, उजवीकडची एक किडकी दाढ हेरली, सुई टोचली, कापूस कोंबला आणि बोलायला लागलो.

काय सांगू, काय गप्पा रंगल्या! मांजरं झाली, साखर झाली, माझं अख्खं बालपण झालं. ती प्रत्येक वाक्याला 'आँ' म्हणे, मान हलवी, मधेच हात वर करी. इतकं समरसून ऐकणारं माणूस मला जन्मात भेटलं नव्हतं. माझा जीवच जडला तिच्यावर. छोटा आरसा तिच्या तोंडात तसाच धरून मी विचारलं, "माझ्याशी लग्न कराल?"

तिने दोन्ही हात वर केले. मी हर्षभरित होऊन कापूस काढला.

"दुखतेय ती डावीकडची," ती म्हणाली. "मघापासून तेच सांगतेय. आणि लग्नाला नाही."

मी ओशाळलो. माफी मागितली, मुकाट्याने डावी बाजू बधिर केली आणि तिच्या तोंडात पुन्हा कापूस ठेवला. आता खोटं कशाला सांगू, कापूस आत जाताच ती मला पुन्हा आवडायला लागली.