भार-निश्चिती समितीची बैठक

शासनाने काटकसरीचे धोरण जाहीर केले आणि त्याचा भार सर्वांनी समान उचलावा, असे स्पष्ट केले. ‘सर्वांनी’ म्हणजे नेमके कोणी, हे ठरवण्यासाठी सरकारी रुग्णालयात भार-निश्चिती समिती स्थापन झाली. तळाच्या कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी असल्याखेरीज तिचे निर्णय वैध ठरणार नाहीत, हे मात्र बैठक सुरू झाल्यावर लक्षात आले. नेमक्या त्याच वेळी वॉर्डातल्या मावशी चहाचे कप न्यायला आत आल्या. त्यांना ट्रे खाली ठेवून बसायला सांगण्यात आले. त्या खोलीतल्या खुर्च्या त्यांनी आजवर फक्त पुसल्या होत्या.

चर्चा गांभीर्याने झाली. अधीक्षकांनी स्वतःची गाडी सोडण्याची तयारी दाखवली. पण काटकसरीच्या वरिष्ठ बैठकांना तिच्यातूनच जावे लागते, हे लेखाधिकाऱ्यांनी निदर्शनास आणताच त्यांनी जड अंतःकरणाने ती ठेवून घेतली. लेखाधिकाऱ्यांचा एसी बंद करावा, तर बचतीचा हिशेब करणारा संगणक तापला असता. मोठे सर्जन स्वस्त उपचारांवरील परिषदेसाठी परदेशी निघाले होते. ते गेले नाहीत, तर उपचार स्वस्त होणार कसे? प्रत्येकाने भार अंगावर घेण्याची पराकाष्ठा केली आणि प्रत्येकाला इतरांनी मायेने आवरले.

मग अधीक्षक मावशींकडे वळले.

“मावशी, वॉर्डात तुम्ही दोघी आहात. एक पद कमी करावं लागेल.”

दुसरी म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. दोन संसार, पण चूल एकच.

“मग राहणार कोण, साहेब?”

“ते तुम्हीच ठरवा. तुमच्या घरगुती बाबतीत समिती ढवळाढवळ करणार नाही.”

मावशींनी टेबलाभोवती नजर फिरवली. इथे बसलेल्या कोणावरच भार पडला नव्हता, एवढे त्यांच्या ध्यानात आले होते.

“चादरी धुवायला केवढा खर्च होतो,” त्या चाचरत म्हणाल्या. “पेशंट घरून आणतील की. जीव वाचायचा म्हटल्यावर चादरीचं काय एवढं?”

एवढा व्यवहारी विचार तळातून यावा, याने सर्जन गहिवरले. चादर येणार, तर उशीही येऊ शकते, असे लेखाधिकारी म्हणाले. उशीमागून सलाईन आले, सलाईनमागून ते टांगायचा खांब, आणि खाटेवर एकमत व्हायला फारसा वेळ लागला नाही. रुग्णाने शक्यतो निदानही सोबत आणावे, अशी शिफारस जोडून ठराव मंजूर झाला. पहिला वर झालेला हात मावशींचा होता.

जाऊ दाराबाहेर पदराचे टोक पिळत उभी होती.

“काय ठरलं, जाऊबाई?”

“दोघी राहिलो.”

“देव पावला. मग भार पडला कोणावर?”

मावशींनी ट्रे उचलला. “तिथं नव्हते त्यांच्यावर,” त्या म्हणाल्या आणि भराभर वॉर्डाकडे चालू लागल्या.

ठराव हरकतींसाठी फाटकावर लावण्यात आला. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तो वाचला आणि सरकारला एकदाची शिस्त लागली म्हणून समाधानाने माना डोलावल्या. मुदतीत एकही हरकत आली नाही. त्या दिवसांत त्यांच्यापैकी कोणाच्याच घरी, आज तुमच्या-आमच्या घरी नाही तसेच, कोणी आजारी नव्हते.