देठसरांची टेहळणी

"समोरच्याचे दोष ओळखायला तो खेळ स्वतः खेळावा लागतो, हे कुणी सांगितलं तुम्हाला? झाड ओळखायला आपल्याला काय झाड व्हावं लागतं?"

हा सवाल देठसरांनी स्टाफरूममध्ये टाकला. सर वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. वर्गात एकदा देठावर बोलायला लागले की सत्र संपत आलं तरी पानापर्यंत पोचत नसत, म्हणून मुलांनी त्यांना हे नाव दिलं होतं. त्यांच्या नजरेतून कुठल्याही पानाची शीर सुटत नसे. माणसांच्या बाबतीत मात्र सगळाच आनंद होता. वीस वर्षं शेजारी राहणाऱ्या गृहस्थांना त्यांनी परवाच जिन्यात विचारलं होतं, "कुणाकडे आलात?"

अशा माणसाकडे मुलींच्या बास्केटबॉल संघाचं काम आलं कसं, तेही ऐका. आधीचे क्रीडाप्रमुख निवृत्त झाले. नवा कोण, असं प्राचार्यांनी बैठकीत विचारताच सगळ्यांनी आपापल्या चहाच्या कपात डोकं खुपसलं. सर तेवढे खिडकीतल्या कुंडीकडे बघत होते. ते नको म्हणाले नाहीत, म्हणून ते झाले.

काम गळ्यात पडल्यावर त्यांनी पहिल्यांदा फलकावरचे निकाल वाचले आणि त्यांना धक्काच बसला. यंदा संघ एकही सामना जिंकला नव्हता. कॉमर्सवाल्यांनी शेवटच्या मिनिटाला हरवलं होतं. लॉ कॉलेजच्या मुलींनी निम्मा वेळ पंचाशी वाद घातला आणि उरलेल्या निम्म्यात हरवलं. नर्सिंगच्या मुलींनी तर हरवून वर आपल्या मुलीच्या मुरगळलेल्या पायाला पट्टीही बांधून दिली. आता दोनच सामने उरले होते. आधी टेकडीवरचं कॉलेज, म्हणजे गेल्या वर्षीचे विजेते. आणि मग इंजिनिअरिंगच्या मुली, ज्यांना यंदा कुणी हरवलेलंच नव्हतं.

प्राचार्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, "वर्षभरात एक सामना तरी जिंकून दाखवा. नाहीतर पुढच्या वर्षी संघ बंद. बास्केटबॉलच्या हॉलमध्ये जुनी बाकं ठेवता येतील."

सरांना खेळाचं काही नव्हतं, पण ह्या बाकांचा मात्र राग आला. ते थेट कोचकडे गेले. कोचचा गाल भोपळ्यासारखा सुजला होता. दाढ काढायची होती.

"तुम्ही दाढ काढून या. टेकडीवरच्या मुलींचं निरीक्षण मी करतो," सर म्हणाले. "एका सकाळीत त्यांची नाडी हातात देतो तुमच्या."

कोच काहीतरी सांगू पाहत होता, पण दुखणारा गाल आणि बोलणारे देठसर ह्यांच्यापुढे कुणाचं चाललंय?

दुसऱ्या दिवशी सकाळीच सर टेकडीवरच्या कॉलेजच्या हॉलमध्ये हजर झाले. मफलर नाकापर्यंत ओढून ते वरच्या पायरीवर बसले. खाली पिवळी बिनबाह्यांची जॅकेटं घातलेल्या मुली सराव करत होत्या. पाठीवर ठळक अक्षरांत टेकडीवरच्या कॉलेजचं नाव. सरांनी चष्मा पुसला आणि कामाला लागले. चेहरे बघण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. चेहऱ्यावरून कुठलं झाड ओळखता येतं?

थोड्याच वेळात त्यांचा विश्वास बसेना. हे गेल्या वर्षीचे विजेते? एक बुटकी मुलगी आघाडीवर ओरडत होती, आणि जिच्याकडे चेंडू टाकायचा तिच्याकडे आधी टक लावून बघत होती. म्हणजे चोरी करायची आणि घरमालकाला दार वाजवून सांगायचं. एक उंच मुलगी चेंडू रिंगवरून उसळला की गच्च डोळे मिटायची. गुडघ्याला निळी पट्टी बांधलेली एक जण सगळं उजव्याच हाताने करत होती, डावा हात जणू घरी विसरून आली होती. आणि एक जण नेम चुकला की जी रुसायची, ती नंतर बास्केटकडे बघायलाच तयार नसायची.

"तुमची कुणी खेळते का हो?"

शेजारी एक बाई येऊन बसल्या होत्या. करडा स्वेटर, हातात थर्मास. त्यांनी सरांना झाकणात चहा ओतून दिला. सरांनी ताडलं, कुणातरी मुलीची आई असणार.

"छे, छे. मी केवळ अभ्यासक," सर म्हणाले.

"मग काय दिसलं अभ्यासकांना?"

खरं तर इथे तोंडाला कुलूप घालायचं. पण प्राध्यापकाला कुणी आपण होऊन प्रश्न विचारण्याचे प्रसंग आयुष्यात किती येतात? सरांनी एकेक मुलगी घेतली आणि देठापासून सुरुवात केली. बाई इतक्या मन लावून ऐकत होत्या की सरांना भरून आलं. असा एक जरी विद्यार्थी मिळता. आईच्या जातीला आपल्या मुलीच्या संघाचं वाईट वाटेल म्हणून शेवटी ते म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका."

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सरांना आणखी चहा दिला.

दुपारी सरांनी संघाला वर्गात बोलावलं. कोचही गालाला रुमाल बांधून मागे बसला होता. मुली साध्या कपड्यांत, केस मोकळे सोडून, बाकांवर रेलून बसल्या होत्या. सरांनी त्यांच्याकडे पाठ केली आणि फळ्यावर चित्रं काढायला घेतली.

"घाबरायचं कारण नाही. टेकडीवरचा संघ म्हणजे नुसता फुगा आहे," ते म्हणाले. "पहिला नमुना. हिला आपण भोंगा म्हणू. चेंडू कुणाला देणार हे आधी गावभर सांगते, मग देते."

मुली खळखळून हसल्या. सरांना चेव चढला.

"दुसरी शिडी. उंची एवढी, पण चेंडू वरून आला की हिचे डोळे बंद. झोपेत चालणाऱ्या माणसाला रस्त्यावर उभं करावं तसं आहे ते."

पुन्हा हशा. मागच्या बाकावरची एक उंच मुलगी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"तिसरीच्या गुडघ्याला निळी पट्टी. हिला डावा हात आहे, हे हिला अजून कुणी कळवलेलं नाही."

ह्यावेळी हसू जरा कमी आलं. एक मुलगी जीन्सवरून आपला गुडघा चाचपत होती.

"आणि चौथी रुसूबाई. एक नेम चुकला की ती सासरी निघाल्यासारखं तोंड करते आणि पुढे नेमच धरत नाही."

आता कुणीच हसलं नाही. सरांना वाटलं, मुली टिपून घेत असतील. पहिल्या बाकावरच्या बुटक्या मुलीने हात वर केला.

"सर, तो भोंगा वेणीला लाल रबर लावतो का?"

"अगदी बरोबर. तू पाहिलं आहेस वाटतं तिला?"

"रोज बघते," ती म्हणाली. "आरशात."

सरांच्या हातातला खडू खाली पडला. ते वळले, आणि काम गळ्यात पडल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी आपल्या संघाचे चेहरे पाहिले. एकही चेहरा हसत नव्हता.

कोच रुमाल सोडत उठला. "सर, आपल्या हॉलची फरशी उखडलीय म्हणून सकाळचा पहिला तास आपल्या मुली टेकडीवर सराव करतात. जिन्यात सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही भिंतीतलं नेचं बघत 'वा, उत्तम' म्हणालात."

"पण ती पिवळी जॅकेटं?"

"त्या हॉलचा नियमच आहे. जो कुणी उतरेल त्याने तिथलीच जॅकेटं घालायची."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. शिडी मान खाली घालून बसली होती. रुसूबाई तर खरोखरच रुसली होती. कप्तान, म्हणजे भोंगा, उभी राहिली. वर्गात तिचा आवाज अगदीच बारीक निघाला.

"सर, हा सामना हरलो तर संघ संपला, इंजिनिअरिंगवाल्या काही आपल्याला जिंकू देणार नाहीत. मी यंदा कॉलेजमधून जाणारच आहे. पण ह्या सगळ्या नुकत्याच आल्यात. आणि तुम्ही म्हणता, आम्ही फुगा आहोत."

सरांना इतकी शरम कधीच वाटली नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ. कोचने त्यांची बाजू सावरायचा प्रयत्न केला. "चूक झाली, पण बोलले ते खोटं नाही. आणि घरातली गोष्ट घरातच राहिली ना."

सर घसा खाकरून म्हणाले, "तिथे एक बाई होत्या."

"कोण बाई?"

"करडा स्वेटर. थर्मास. गळ्यात शिट्टी."

"शिट्टी?" कोचचा सुजलेला गालही पांढरा पडला. "सर, मुलीच्या आईच्या गळ्यात शिट्टी कशाला असेल?"

"मला वाटलं, मुलगी शिस्तीत वाढवली असेल."

"त्या टेकडीवरच्या कोच आहेत. किती सांगितलंत त्यांना?"

"सगळं," सर म्हणाले. "त्यांनी चहा दिला होता."

कोच बाकावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी गाल धरला. सरांना भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढ्यात रुसूबाई, जी मघापासून भिंतीकडे तोंड करून बसली होती, हळूच म्हणाली, "म्हणजे माझा एक नेम चुकला की त्या मला मोकळं सोडणार?"

कोचने गालावरचे हात काढले.

सामना चार दिवसांवर होता, आणि तेवढ्यात दोष जात नाहीत, हे कोचला ठाऊक होतं. पण समोरचा त्या दोषांवर विसंबून बसला असेल, तर त्याला फसवायला चार दिवस पुरतात. निळ्या पट्टीवालीला डाव्या हाताने जेवायला बसवलं. घरातली भांडी फुटली, आईने कॉलेजला दोन खरमरीत फोन केले, पण हात जरा वळायला लागला. भोंग्याला सांगितलं, ओरड, टक लावून बघ, पण चेंडू भलतीकडेच दे. शिडीचे डोळे मात्र काही केल्या उघडे राहीनात. तिला नुसतं सांगितलं, "उडी मारत राहा."

सर रोज सरावाला यायला लागले. आधी माफी मागायला आले. मग पाण्याच्या बाटल्या भरायला. मग उगाचच.

सामन्याच्या दिवशी करड्या स्वेटरच्या बाईंनी सरांना लांबूनच ओळखलं आणि अदबीने मान लववली. सरांनी मफलर डोळ्यांपर्यंत ओढला.

खेळ सुरू झाला आणि हॉल चाट पडला. भोंगा उजवीकडे बघत ओरडली, टेकडीच्या तिघी तिकडे धावल्या आणि चेंडू डावीकडे गेला. निळ्या पट्टीवालीची उजवी बाजू अडवून दोघी भिंतीसारख्या उभ्या राहिल्या, तर ही डाव्या हाताने, धडपडत का होईना, निघून गेली. रुसूबाईने एक नेम मुद्दाम चुकवला आणि असं काही तोंड पाडलं की पंचांनी जवळ येऊन विचारलं, "बरं नाही का?" टेकडीवाल्यांनी तिला सोडून दिलं. मग तिने लागोपाठ नेम मारायला सुरुवात केली. टेकडीवालेही काही लेचेपेचे नव्हते. शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघ बरोबरीत आले. चेंडू रिंगवर आपटून वर उसळला. शिडीने डोळे मिटले आणि उडी मारली. चेंडू तिच्या हातांत येऊन पडला तेव्हा सगळ्यात जास्त आश्चर्य तिलाच वाटलं. डोळे मिटलेलेच ठेवून तिने तो परत वर ढकलला. चेंडू आत गेला. शिट्टी वाजली.

सर बाकावर चढून ओरडत होते. काय ओरडत होते ते त्यांनाही कळत नव्हतं. प्राचार्यांनी त्यांचा हात धरून खाली उतरवलं आणि म्हणाले, "बाकं ठेवायला दुसरी जागा बघावी लागणार."

बाई जवळ आल्या. चेहरा पडलेला होता. "सर, पंचवीस वर्षं ह्या खेळात आहे. पण इतक्या साळसूद चेहऱ्याने कुणी मला फसवलं नव्हतं. तुमच्यापासून जपून राहायला हवं." खरं काय ते सांगायला सरांनी तोंड उघडलं, पण मागून कोचने त्यांच्या पायावर पाय दिला.

दुसऱ्या दिवशी सगळा संघ स्टाफरूमच्या दारात उभा. कप्तान पुढे झाली.

"सर, आता इंजिनिअरिंगवाल्या. उद्या आमचा सराव बघायला या. आम्ही कुणी परक्या आहोत असं समजा आणि तस्संच, अगदी घालूनपाडून बोला."

सरांची छाती फुगली. सकाळी ते वरच्या पायरीवर जाऊन बसले, चष्मा पुसला, आणि बघत राहिले. सराव संपला तशा सगळ्या मुली घामाघूम होऊन त्यांच्याभोवती गोळा झाल्या.

"हं, बोला सर. काय काय चुकलं?"

सरांनी शिडीकडे पाहिलं. बिचारी रात्रभर पाय दुखत असूनही आली होती. निळ्या पट्टीवालीच्या डाव्या तळव्याला फोड आले होते. रुसूबाईच्या डोळ्यांत तर आत्ताच पाणी यायला लागलं होतं. सरांनी खूप आठवून पाहिलं.

"छान," ते म्हणाले. "सगळ्याच छान खेळता तुम्ही."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. कप्तानने कपाळाला हात लावला.

"गेलं," ती म्हणाली. "सर, आता तुम्हीही आमच्या आईवडिलांसारखेच झालात. काही उपयोग नाही तुमचा."