आपणहून थांबणारी पूड

बिराजदार सर आमच्याकडे आले की चपला काढून थेट स्वयंपाकघरात जायचे आणि भाताचा विजेचा कुकर पालथा घालायचे. एकदा आत भात होता. बायको ओरडली, तर सर म्हणाले, "वहिनी, भाताचं सोडा, बुडाला लोहचुंबक हाय ते बघा. भात झाला की तापून आपणहून पकड सोडतंय, कुकर बंद. थांबायचं कळतंय त्याला!" भात बायकोनं आणि मी फरशीवरून गोळा केला.

लातुरात मी ज्या क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायचो, तिथेच सर भौतिकशास्त्र शिकवायचे. थांबायचं त्यांना स्वतःला मात्र कळत नसे. घंटा व्हायची, पुढची बॅच दारात ताटकळायची आणि सर फळ्यावर निकेल-तांब्याच्या पुडीचं चित्र काढत असायचे. एका पोरीनं विचारलं, "सर, हे परीक्षेला हाय का?" "न्हाई. म्हणून तर नीट ऐक!" क्लासच्या मालकांनी कपाळावर हात मारला.

ही पूड डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक. ती कर्करोगाच्या गाठीत सोडायची, बाहेरून चुंबकाचा जोर सारखा उलटसुलट करायचा, की पूड तापते आणि गाठ भाजून निघते. खुबी अशी की दोन धातूंचं प्रमाण जमलं तर ठरावीक उष्णतेला पुडीचं चुंबकपणच जातं आणि तिचं तापणं थांबतं. शेजारचं चांगलं मांस शाबूत राहतं. पूड पंचेचाळीस अंशांच्या आसपास थांबेल असं प्रमाण जमवायला सर दर रविवारी नांदेडला एका मित्राच्या प्रयोगशाळेत जायचे. सोमवारी मी मुद्दाम विचारायचो, "काय सर, थांबली का?"

"सत्तर अंशाला थांबायलीय. माणूस शिजंल की वो!"

मला हे सगळं खूळ वाटायचं. मग एका रविवारी पेपरांचा गठ्ठा द्यायला त्यांच्या घरी गेलो. सर नांदेडला होते. कॉटवर त्यांची थोरली बहीण बसली होती. भूकंपात आईबाप गेले, तेव्हापासून या आक्कानंच सरांना वाढवलं. तिच्या छातीत गाठ होती आणि उपचाराच्या किरणांनी गळ्यापर्यंतची कातडी होरपळली होती. ती बघून मला माझ्या थट्टेची लाज वाटली.

तेवढ्यात सर धापा टाकत आले. "आक्का, पंचेचाळीसला थांबली!"

"मग मला कवा देतूस?"

सर खाली बसले. "आधी उंदरावर बघावं लागतंय. मग डॉक्टर लोक बघणार. लई वरसं लागत्यात, आक्का."

आक्का त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "लागू दे की. कुणाच्या तरी आक्काला व्हईल."

"मला एकच हाय," सर म्हणाले आणि तिच्या मांडीत तोंड खुपसून रडायला लागले.